सात मिरच्या, लिंबू नाही

“ह्या कोऱ्या चहानं नुसतं मळमळायलंय बाई,” पडद्याच्या पलीकडून ऋतुजा स्वतःशीच पुटपुटली.

पडद्याच्या अलीकडे शांतम्मा तांदूळ निवडत बसली होती. घर मोठं होतं तेव्हा सुनेची कुरकूर सासूपर्यंत यायला चार खोल्या ओलांडाव्या लागत आणि निम्म्या वाटेत ती विरून जाई. आता खोल्या दोन, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. कोणी मनात बोललं तरी ऐकू येण्याची सोय झाली होती.

शांतम्मानं त्या वाक्यातला कोरा चहा तेवढा सोडून दिला आणि मळमळ उचलली. मग तिची नजर लिंबांच्या टोपलीकडे गेली. काल चार होती. आज दोन. मुलगा बसवेश्वर आंबट खात नाही. नवरा, मन्मथअप्पा, लिंबाकडे ढुंकून बघत नाहीत. तिनं सूप खाली ठेवलं. सुनेच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती.

“शिव शिव,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

हे घर एवढंसं झालं होतं ते दारातल्या गाडीपायी. मन्मथअप्पा बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. परभणी ते गंगाखेड त्यांनी किती वेळा केलं ते त्यांच्या पायांनाच ठाऊक. निवृत्त झाल्यावर मिळालेले पैसे आणि वर बँकेचं कर्ज घालून त्यांनी सात माणसं बसतील अशी पांढरीशुभ्र गाडी आणली. नारळ फोडून झाल्यावर ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बत्तीस वर्षं लोकायला जागा दिली अन् मी हुबा राहिलो. आता मी बसून जानार!” गल्लीतल्या बायांनी डोळ्याला पदर लावला. बसवेश्वर मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलणारा गडी, पण त्या दिवशी तोही मान खाली घालून नारळाचे तुकडे वाटत राहिला.

त्यानंतर त्या गाडीबद्दल वावगं बोलायची कोणाची छाती होती?

हप्ता मात्र दर महिन्याला बोलायचा. म्हणून पुढच्या चार खोल्या एका मास्तरांना भाड्यानं दिल्या आणि जिथं सरपण, सायकल आणि न लागणारी भांडी राहत तिथं ही चार माणसं राहायला आली. सोफा आडवा मावेना म्हणून उभा करून ठेवला. त्यावर बसता येत नसे, टेकता यायचं. चहातलं दूध गेलं. टीव्हीचं रिचार्ज गेलं, पण मास्तरांच्या घरची मालिका भिंतीतून नीट ऐकू यायची आणि आत्ता कोण रडतंय ते ऋतुजा हुंदक्यावरून सांगायची. आणि चौघं एकाच वेळी उठून चालायला लागले, की अप्पा सवयीनं ओरडायचे, “पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय!” मागं बंद केलेला फ्रीज होता.

रोज सकाळी आणखी काय कमी करता येईल यावर बोलणं व्हायचं. बोलता बोलता विषय गाडीपाशी आला की सगळे आवाज बारीक करायचे, जणू आत कोणी तान्हं निजलंय, आणि बाजूनं पुढं निघून जायचे. असंच फिरत फिरत मागच्या आठवड्यात बोलणं ऋतुजाच्या शिलाई मशीनवर येऊन टेकलं.

“पिंगळीच्या धुरपताबाईला पाहिजे म्हनं,” बसवेश्वर जमिनीकडे बघत म्हणाला. “चांगले पैसे देयलीय. रविवारी नेऊन देऊ.”

“न्या की,” ऋतुजा म्हणाली. आणि मग कोणाचं काही शिवायचं नसताना दोन तास मशीन चालवत बसली.

मशीन तिच्या माहेरचं. गल्लीतल्या ब्लाऊजांपासून पिको-फॉलपर्यंत सगळं त्यावर चालायचं. घरातल्या सगळ्या वस्तूंत पैसे आणणारी वस्तू ती एकच, आणि विकायला निघाली तीच. शांतम्माच्या हे ध्यानात आलं होतं. पण बोलायला तोंड उघडलं की “मी हुबा राहिलो” हे तिला ऐकू यायचं आणि तोंड आपोआप मिटायचं.

आता मात्र लिंबांमुळं गोष्ट वेगळी झाली होती. घरात पाळणा हलणार असेल तर टोपडी, दुपटी, झबली कशावर शिवायची? मशीन जाता कामा नये. पण पोरीनं स्वतः सांगितल्याशिवाय आपण कसं बोलायचं? ते बरं दिसत नाही.

बोलता येईना म्हणून तिनं खाऊ घालायला सुरुवात केली. दूधवाल्याला गल्लीच्या टोकाला गाठून अर्धा लिटर चोरून घेतलं आणि पेला सुनेपुढं धरला.

“पी.”

“आत्याबाई, दूध? अन् काटकसर?”

“गप पी. कुनाला बोलू नको.”

ऋतुजानं महिन्याभरात दुधाचा थेंब पाहिला नव्हता. तिनं पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू आला. तिसऱ्या दिवशी खारीक. शांतम्मानं आपल्या कनवटीच्या पैशांतून आणखी सहा लिंबं आणून टोपलीत ठेवली. शनिवारपर्यंत एकच उरलं. “लेकरू वाढायलंय,” तिनं समाधानानं मनात नोंद केली.

रविवारी सकाळी ती गाडीपाशी गेली आणि जागच्या जागी थांबली. दृष्ट लागू नये म्हणून गाडीच्या तोंडाला बांधलेल्या दोऱ्यात सात मिरच्या होत्या. लिंबू नव्हतं.

“अगं माय,” शांतम्मा हळहळली. “इथपर्यंत आलं! दृष्टीचं लिंबू बी सोडंना!” घरात जाऊन तिनं टोपलीतलं शेवटचं लिंबू कापलं आणि अर्धं पदराच्या गाठीत बांधलं.

गाडी दर रविवारी पिंगळीपर्यंत जाऊन यायची. काम काही नसायचं. नुसती उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून. जाताना-येताना कोणी बोलायचं नाही. अप्पा सगळ्यात मागच्या सीटवर, मागच्या दाराजवळ बसायचे, कारण कंडक्टरची जागा तीच. टपावर दोन टकटक केल्याशिवाय बसवेश्वर गाडी हलवायचा नाही. मग अप्पा नाकातोंडावर उपरणं घेऊन डोळे मिटून पडायचे. बसवेश्वर आरशात बघायचा आणि मनात म्हणायचा, किती सुखात आहेत अप्पा.

आज मधल्या सीटवर मशीन बसवलं होतं, पट्टा लावून. शेजारी शांतम्मा. चढताना तिनं नेहमीप्रमाणं देवघरातला पाट पायाखाली घेतला होता, नाहीतर तिला त्या गाडीत चढता येत नसे. बसल्यावर ऋतुजानं तो उचलून तिच्या मांडीवर दिला. पुढं ऋतुजा, काचेतून बाहेर बघत. परभणी मागं पडली. खड्डा आला की मशीन तेवढं वाजायचं.

पिंगळीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली. फाटकापलीकडं दहा मिनिटांवर धुरपताबाईचं घर. शांतम्मानं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि तिचा धीर सुटला. तिनं गाठ सोडली, लिंबू काढलं आणि पुढं धरलं.

“घे माय. लाजू नको. मला समदं कळलंय.”

“काय कळलंय?” ऋतुजानं मागं वळून विचारलं.

“मळमळतंय तुला. लिंबं लागायलेत. गाडीचं लिंबू बी खाल्लंस, खा, मी बोलले का काई? पर मिशन न्हाई द्यायचं. लेकराची टोपडी कशावर शिवायची?”

बसवेश्वर असा गर्रकन फिरला की त्याचं कोपर हॉर्नवर पडलं. “लेकरू? ऋतुजा, लेकरू?”

“मला काय इचारता? मला बी आत्ताच कळायलंय!” ऋतुजा म्हणाली. “तसलं काई न्हाई, आत्याबाई! चहानं मळमळलं व्हतं. कोऱ्या चहानं!”

“मग लिंबं?”

तेवढ्यात मागून एक हात आला. शांतम्माच्या खांद्यावरून, मशीनच्या वरून. त्यानं लिंबू उचललं आणि मागं नेलं. तिघांनी वळून पाहिलं. उपरण्याच्या आत मन्मथअप्पांनी लिंबू नाकाला घट्ट लावलं होतं. चेहऱ्याचा रंग दोडक्यासारखा झाला होता.

“अहो!” शांतम्मा ओरडली.

“मीच नेतो लिंबं,” अप्पा उपरण्यातून म्हणाले. “गाडीचं बी मीच काढलं. मिरच्यायला हात न्हाई लावला.”

“पर कामून?”

“मळमळतं.” अप्पांनी खिशातून आणखी एक वाळकं लिंबू काढून दाखवलं, पुरावा म्हणून. “बत्तीस वर्षं हुबा होतो, कदी ढेकर न्हाई आला. हितं बसलो की पोटातलं समदं वर. सवय व्हावी म्हनून रोज दारातच गपचूप बसून बघतो, तरी तेच. काचा बंद, ती गार हवा, अन् नव्या सीटचा वास. लय बेकार.”

“मग बोलला न्हाईत ते?”

“बसून जानार म्हनलो होतो की गल्लीभर. अन् बसवाला गाडीची लय हौस.”

“मला?” बसवेश्वरचा आवाज फाटला. “अप्पा, मला ही वळवायला भ्या वाटतं. दर रविवारी पिंगळीलाच कामून येतो मी? सरळ रस्ता हाय, अन् फिरवायला तिथं मोकळं मैदान हाय म्हनून!”

अप्पांनी मागचं दार उघडलं आणि पायरीवर उतरले. वरच्या दांडीला एका हातानं धरून दारात उभे राहिले, जसे बत्तीस वर्षं राहिले होते. दोन श्वास घेतले. तोंडावर रंग आला. शांतम्मा बघत राहिली. उभा राहिला की माणूस कसा छान दिसायचा.

रेल्वे धडधडत गेली. फाटक वर झालं. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्यानं. अप्पांनी टपावर टकटक करायला हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. बसवेश्वर वाट बघत होता. ऋतुजा मशीनकडे बघत होती.

शांतम्मानं मांडीवरचा पाट बाजूला ठेवला.

“बसवा, गाडी फिरव. हळू फिरव, मी उतरून मागचं बघते. मिशन घरी न्यायचं,” ती म्हणाली, “अन् ही गाडी इकून टाकायची.”