पोथीवरचा हात

जमादार शनिवारी सकाळी यहुद्यांच्या प्रार्थनाघरात यायचा आणि पोलीस चौकीच्या सवयीने दाराजवळच बसायचा. त्या दिवशी कपाटातून पोथी निघाली, मंचावर ठेवली गेली आणि रब्बी वाचायला सुरुवात करणार, एवढ्यात बायकांच्या सज्ज्यातून शिंपीणबाई तरातरा खाली आली. पोथीवरच्या मखमली कापडावर हात ठेवून म्हणाली, "माझं ऐकल्याशिवाय आज वाचन नाही."

पहिल्या बाकावर प्रार्थनाघराचे अध्यक्ष होते. बांधकामाचे ठेकेदार, शिवाय शिंपिणीचे घरमालक. ते ताडकन उठले. "जमादार, बघत काय बसलात? काढा हिला बाहेर!"

जमादार उठलाही. गोंधळ घालणाऱ्या कितीजणांची बखोटी त्याने आजवर धरली होती. पण रब्बींनी हात वर केला.

"तिचा हक्क आहे. जुनी चाल आहे आपली. ज्याचं गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही, त्यानं सगळ्यांसमोर वाचन अडवावं. माझ्या आजोबांनी एकदा पाहिलं होतं, मी आज पाहतोय."

जमादाराला नवल वाटलं. बाईच्या हातात ना काठी, ना कागद, आणि अख्खी सभा चिडीचूप! आता होणार तरी काय?

"आमच्या घराच्या मागच्या दाराला पायऱ्या नाहीत," शिंपीण म्हणाली. "तिथूनच आईची चाकांची खुर्ची जायची. यांनी तिथं सिमेंटच्या गोण्या रचून कुलूप ठोकलंय. चार महिने आईनं रस्ता पाहिला नाही."

"जागा माझी आहे," अध्यक्ष गुरगुरले.

"जागा तुमची, पण वाट सगळ्यांची," चष्मेवाले आजोबा म्हणाले आणि अध्यक्षांच्या शेजारून उठून मागे जाऊन बसले. मग अध्यक्षांचा साडू उठला. मग आणखी दोघं. कुणी आवाज चढवला नाही. रिकाम्या बाकावर एकटे उरल्यावर अध्यक्षांचा चेहरा पडला.

"उद्या कुलूप काढतो. गोण्यांना आठवडा लागेल."

"सोमवारपर्यंत."

"बरं बाई, सोमवारपर्यंत!"

शिंपिणीने हात उचलला. वाचन सुरू झालं.

नंतर अंगणात जमादाराने तिला गाठलं. "ताई, राग मानू नका, पण एवढं करण्यापेक्षा चौकीवर का नाही आलात?"

"तीनदा आले. तुम्हीच होतात. एकदा म्हणालात, साहेब जेवायला गेलेत. एकदा म्हणालात, घरमालकाशी गोडीगुलाबीनं घ्या. तिसऱ्यांदा तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत."

जमादाराने आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"सोमवारी मी येऊ का?"

"या. पण नुसतं बघायला नको. एकेक गोणी पन्नास किलोची आहे."

सोमवारी त्याने ठेकेदाराच्या गड्यांबरोबर सतरा गोण्या वाहिल्या. कंबर पार मोडली. दुपारी म्हातारीची खुर्ची बाहेर आली. तिने डोळ्यांवर हात धरून रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

"अरे, इथं न्हावी होता ना? गेला कुठं?"

जमादार कंबर धरून तिच्याशेजारी कट्ट्यावर टेकला आणि न्हाव्याची सगळी हकीकत सांगू लागला.