रिकाम्या हातांची मोजणी

मी सूड उगवायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. हातात हत्यारांची पेटी, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र, तोंडावर हसू, सगळं रीतसर होतं. पण गेले होते सूड उगवायलाच.

खोक्यांच्या कारखान्यातून आमच्या दुरुस्तीच्या दुकानात तक्रार आली होती. व्यवस्थापकांचा नवा कॉम्प्युटर तापतो, पंखा घरघरतो, आणि तेही स्प्रेडशीट नुसती उघडी ठेवलेली असताना. असली कामं कुणालाच नको असतात. पडद्यावर काही बिघडलेलं दिसत नाही आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहतं. मी आपणहून हात वर केला तेव्हा आमचे मालक बघतच राहिले. त्यांना काय ठाऊक, की त्या व्यवस्थापकाला, ज्याला सगळा कारखाना पाठीमागे मुकादम म्हणतो, मी वर्षभर मनातल्या मनात तेलात तळत होते.

माझी थोरली बहीण त्याच कारखान्यात होती. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या तावातून कोणत्या मापाची किती खोकी कापली म्हणजे कमीत कमी पुठ्ठा वाया जाईल, हे ठरवणं तिचं काम. ताईची पद्धत अशी, की ती हनुवटी तळहातावर टेकवून पडद्याकडे बघत बसायची. चांगला वेळ बसायची. मग हात खाली यायचा, चार आकडे टाकले की काम संपलं. लहानपणी गणितंसुद्धा ती अशीच सोडवायची. आई मला म्हणायची, "बघ गं जरा, झोपली की काय ही."

मुकादमाने एकदा मिटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर यादी लावली. कोण किती वेळ रिकामं बसतं, त्याची. कॉम्प्युटरला हात न लावता गेलेला वेळ म्हणजे रिकामा वेळ, असा त्याचा हिशेब. ताईचं नाव सगळ्यांत वर.

"एवढा वेळ काय करत होतात हो?" त्याने विचारलं.

"मी विचार करत होते," ताई म्हणाली.

तो हसला. तो हसला म्हणून बाकीचे हसले. त्यानंतर त्या ऑफिसात कुणी पाणी प्यायला थांबलं तरी 'काय, विचार चाललाय वाटतं?' असं म्हणायची पद्धतच पडली. थोड्याच दिवसांत ताईला घरी बसवलं.

नोकरी गेली, ते एक वेळ सोडून देता येतं. पण ताई रिकामी बसायलाच भ्यायला लागली. टीव्ही बघताना घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची. पुसलेला ओटा परत पुसायची. गणित तर दूरच, दोन मिनिटं खिडकीत उभी राहिली तरी दचकून आत यायची आणि काहीतरी हातात घ्यायची. तिचा हात थांबलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. त्याबद्दल मला त्या माणसाची मान खाली गेलेली बघायची होती, बस्स.

त्याने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. ताई आईवर गेलीय, मी कुणावर गेलेय ते देव जाणे.

"नवाकोरा आहे हो मॅडम," केबिनमध्ये तो रुमालाने पडद्यावरची नसलेली धूळ पुसत म्हणाला. "मालकीणबाईंनी खास माझ्यासाठी घेतला या महिन्यात. आणि बघा, कसा गुरगुरतोय."

"जुना असं करायचा का?"

"छे! तो बिचारा गप्प असायचा. आता स्टोअरमध्ये पडलाय."

मी शीट उघडली आणि हात मांडीवर ठेवून बसले. बाजूला प्रोसेसरचा आलेख उघडून ठेवला होता. थोड्या वेळात पंखा सुरू झाला आणि आलेखाची रेघ वर जाऊन छताला टेकली. मी माउस हलवला, रेघ धाडकन खाली. हात काढला, पुन्हा वर. यंत्र राबवलं की तापतं, हे मी रोज बघते. याचं उलटंच होतं. कुणी हात लावला की हे शांत, आणि सोडून दिलं की याच्या अंगात यायचं.

मी नेहमीच्या वाटेने गेले. बाकीचे प्रोग्राम बंद केले. मागून जोडलेल्या जादा सोयी काढून बघितल्या. कुठूनकुठून नकळत चिकटवली गेलेली चित्रं शोधली, पुन्हापुन्हा गणित मांडणारी सूत्रं तपासली. काडीचा फरक नाही. कोरी शीट उघडली तर कॉम्प्युटर गाईसारखा गरीब. म्हणजे दुखणं या एकाच फाईलचं. मग फाईलमधले मॅक्रो, म्हणजे तिच्या पोटात लिहून ठेवलेले छोटे प्रोग्राम, चालू न देता तीच फाईल उघडली. पंखा गप्प!

मुकादम बाहेर फोनवर कुणाला तरी झापत होता. मी मॅक्रो उघडून वाचायला घेतला.

ताईची मोजणी करणारा तो हाच. काम एवढंच, की माणसाचा हात थांबला की बघायला लागायचं. हलला का? नाही. आता हलला का? नाही. आता? मध्ये श्वास घ्यायचीसुद्धा सोय लिहिणाऱ्याने ठेवली नव्हती, म्हणून प्रोसेसर धापा टाकत होता. तान्ह्या पोराचा श्वास चालू आहे ना, म्हणून नाकाखाली बोट धरून बसणारी आई असते, तसं. फक्त माया वगळून. आणि मग माझ्या कानांत शिरलं, की हीच फाईल दिवसभर उघडी ठेवावी लागणाऱ्या बाहेरच्या हॉलमधले सगळेच पंखे घरघरताहेत. ते वर्षभर घरघरत होते. पण त्यांची तक्रार कोण ऐकतो?

सगळ्यांत वर एक ओळ होती. अमुक नावाचा कॉम्प्युटर असेल तर मोजू नकोस. ते नाव स्टोअरमध्ये धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरचं होतं. साहेबांनी स्वतःला सूट दिली होती, आणि नवं यंत्र मिळाल्याच्या आनंदात सूट जुन्या यंत्राबरोबर अडगळीत टाकली होती. या महिन्यात तो स्वतःच मोजला जात होता. मला इतका आनंद झाला, की पाणी प्यावं लागलं.

तो आत आला. "काय निघालं?"

"फाईलमधला एक प्रोग्राम दम न घेता पळतोय. तुम्ही लिहिलाय?"

"भाच्याकडून करून घेतला होता. तो आता लांब असतो. का?"

"वाचून दाखवू का? काही काढायचं, बदलायचं असेल तर आत्ताच सांगा."

तो एकदम ताठ झाला. "अजिबात नाही! ते ऑफिसचं अंतर्गत आहे. आहे तसं राहू दे. तुम्ही फक्त आवाज बंद करा."

मी त्याला संधी दिली नाही, असं कुणी म्हणू नये.

दोन वेळा बघण्याच्या मध्ये मी थोडा विसावा घातला. पहारा उठवला नाही, पहारेकऱ्याला बसायला स्टूल दिलं. पंखा निवला. कामाच्या कागदावर 'एक ओळ वाढवली, बाकी जसंच्या तसं' असं लिहिलं आणि त्याची सही घेतली. "सोन्याचा हात आहे हो तुमचा," तो म्हणाला. मी म्हटलं, महिनाअखेरच्या मिटिंगला मोठा पडदा जोडायला येते, पैसे नकोत. एरवी मी सख्ख्या काकाची वायरसुद्धा फुकट जोडून देत नाही.

मिटिंगला मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. समोर मालकीणबाई, चष्म्याची काडी दातांत धरून. यादी तो सगळ्यांदेखत बटण दाबून तयार करायचा; लोकांचे उतरलेले चेहरे बघण्यात त्याला मजा यायची. त्याने बटण दाबलं आणि यादीकडे पाठ करून चेहऱ्यांकडे बघायला लागला. चेहरे उतरले नाहीत. सगळे त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. शेवटी तो वळला.

त्याचं नाव सगळ्यांत वर होतं. दुसऱ्या नावापुढचा आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता.

"हे काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मशीनची चूक आहे." तो माझ्याकडे फिरला. "तुम्ही काय केलंत त्या दिवशी?"

"पंखा शांत केला. सही आहे तुमची," मी म्हटलं. "मोजणी बरोबर आहे. फक्त तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला ती लागू नव्हती, तशी ओळच आहे आत. नव्याला लागू झाली."

"सूट? कुणी दिली?" मालकीणबाईंनी काडी दातांतून काढली.

तो यादी बंद करायला माउस शोधू लागला.

"बरं, ते राहू दे. केबिनमध्ये एवढा वेळ काय करत होतात?"

त्याने ओठ ओले केले. "मी... मी विचार करत होतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं झालं असतं. त्याला आपलं वाक्य ऐकू आलं असावं, कारण त्याची मान हळूहळू खाली गेली. मी ती जाताना शेवटपर्यंत पाहिली.

मग मी कोण ते सांगितलं. मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट बघितलं. "त्या गेल्यापासून मागे वाया गेलेल्या पुठ्ठ्याच्या कातरणांचे डोंगर झालेत," त्या म्हणाल्या. "ताईंना विचाराल का, येतील का परत?" मुकादमाला त्यांनी दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं, केबिनची किल्ली घेऊन.

घरी आले तेव्हा ताई स्वच्छ ओटा पुसत होती. मी चवीचवीने सगळं सांगितलं, त्याच्या ओठ ओले करण्यासकट. सांगता सांगता तिच्या हातातलं फडकं थांबलं. ती स्टुलावर बसली. हनुवटी तळहातावर टेकवून, भिंतीकडे बघत, कितीतरी वेळ. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"करत असेलही गं तो विचार," शेवटी ती म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. "म्हणूनच तर गोड लागलं मला."