ओठांशी अडलेलं दूध

मार्गशीर्षातली सकाळ. धान कापून नेलेल्या बांध्यांवर, भाताच्या रिकाम्या खाचरांवर, धुकं उतरलेलं. दवभिजलं, दाट, निःशब्द. तलावाच्या शिशाच्या रंगाच्या पाण्यावर उत्तरेकडून आलेले केशरी चक्रवाक स्थिर तरंगत होते, जणू कुणी पाण्यात ठेवून विसरून गेलेले दीप. सूर्य वर आला होता, पण त्याला ऊब नव्हती. एक फिकट, पांढुरकं वर्तुळ तेवढं आभाळाला चिकटलं होतं.

त्या धुक्यातून, तलावाच्या पाळीवरून, उंच बांधावरच्या वाटेने, एक ऑटोरिक्षा तालुक्याच्या गावाकडे निघाली होती. आत दामिनी बिसेन होती, आठवडाही न झालेली नवी आई. शेजारी तिचा नवरा होमेंद्र. आणि शालीच्या घड्यांत त्यांची लेक. तिचं बारसं अजून व्हायचं होतं.

लेक झोपली होती. आणि त्या झोपेचंच भय होतं.

आधी ती रडली होती. घर दणाणून जाईल असं, मुठी आवळून, लालबुंद होऊन. मग ते रडणं बारीक झालं, पिंजलेल्या सुतासारखं. मग तेही तुटलं. "किती गुणाची पोर, त्रास म्हणून नाही," असं बघायला येणाऱ्या बायका म्हणत, आणि दामिनीच्या पाठीतून बर्फाची रेघ उतरत जाई. ती शांतता गुणाची नव्हती. आईच्या रक्ताला ते कळत होतं.

छातीशी धरलं की लेक क्षणभर ओढायची, सुटायची, पुन्हा झोपायची. त्या क्षणभरातही अशी कळ उठे, की दामिनी दातांखाली पदर धरी. बोंडशीला चिरा पडल्या होत्या. चिरांतून रक्त येत होतं. "अंगावर दूधच नाही बिचारीला," शेजारची बाई ओसरीवर कुजबुजली, ते वाक्य आत आलं आणि घरातच राहिलं. ते उशाशी बसे. ते पाण्याच्या तांब्यात दिसे. हे शरीर, जे इतके महिने भरलं, फुललं, जडावलं, ते ऐन वेळी रितं निघालं? मीच माझ्या लेकराला उपाशी मारते आहे का?

हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं, आणि कुणी हो म्हणालं तर?

आज पहाटे लेकीच्या तळपायाला टिचकी मारली, तरी डोळे उघडले नाहीत. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "होमेंद्र, ऑटो बोलव. आता घरी बसून नाही चालायचं."

वाटभर दामिनीने बोट लेकीच्या नाकाखाली धरून ठेवलं होतं. श्वास येई. श्वास जाई. दोन श्वासांमधली ती एवढीशी पोकळी, तिच्यात सारा तलाव मावेल एवढं भय होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळ तपासलं, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली, वजन केलं. वजनाच्या काट्याकडे दामिनीला बघवलं नाही. "साखर ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "पण बाळ गळून गेलंय. पोटात दूध जात नाहीये. इथंच थांबा. स्तनपानाच्या खोलीत सुनंदाताई आहेत, त्या बघतील. त्यानंतरही घेतलं नाही, तर दाखल करू."

दाखल. तो शब्द पांढऱ्या फरशीवर पडला आणि थंडगार पसरत गेला.

सुनंदा गेडाम नव्या आयांना दूध पाजायला शिकवण्याचंच काम करत. त्या खोलीला हिरवा पडदा होता. तो ओढला गेला आणि दामिनीने पदर घट्ट आवळून धरला. आता या बाईला सगळं दिसेल. चिरा दिसतील. रितेपण दिसेल. निकाल लागेल.

"माझ्याजवळ दूध नाहीच ना, मॅडम?" तिच्या तोंडून फुटलं.

"बघू या ना, बेटा," सुनंदाताई म्हणाल्या. "मी हात लावू का?"

त्यांनी आधी विचारलं, म्हणूनच कदाचित, दामिनीला हुंदका आला.

त्यांनी हात गरम पाण्याने धुतले, एक स्वच्छ चमचा छातीखाली धरला. बोटं स्तनावर ठेवली, आत दाबली, सैल सोडली. दाबली, सोडली. काहीच आलं नाही. दामिनीने डोळे मिटले. पुन्हा दाबली. मग चमच्यात काहीतरी उमटलं. पिवळसर, घट्ट, केतकीच्या गाभ्याच्या रंगाचं.

"हे बघ. दूध आहे. पोरीची पकड चुकते आहे. ती नुसतं टोक ओढते, म्हणून तुला जखमा होतात आणि तिच्या पोटात काही जात नाही. थकते, म्हणून झोपते."

चमचा लेकीच्या ओठांशी लागला. ओठ हलले नाहीत. एक थेंब आत सरकला. काहीच नाही. होमेंद्र पडद्याबाहेर उभा होता. त्याच्या चपलांची अस्वस्थ चाळवाचाळवही थांबली.

मग तो चिमुकला गळा हलला.

दुसरा थेंब. तिसरा. पापण्या कापल्या, कपाळावर आठी उमटली. सुनंदाताईंनी लेकीचे कपडे उतरवले, तिला उघड्या अंगानिशी आईच्या उघड्या छातीवर निजवलं, वरून शाल पांघरली. त्वचेला त्वचा भेटली. बराच वेळ गेला. मग लेक कुशीत चाळवली, तोंड उघडून शोधू लागली. आंधळी, आतुर, ओल्या ओठांची.

"आता. मोठं तोंड उघडू दे. हनुवटी आधी टेकव. तू वाकू नको, तिला तुझ्याकडे आण."

दामिनी कळ येण्याची वाट पाहत ताठरली. सवयीने दात आवळले. भय अजून गेलं नव्हतं. ते तिथंच होतं, मानेमागे, थंड, टपलेलं. पण यावेळी बोंडशीभोवतीचा काळा भागही त्या लहानशा तोंडात गेला, आणि कळ आली ती बोथट होऊन, लाटेसारखी ओसरत.

आणि आवाज आला. गिळण्याचा. हलका, ओला, खोल. क्षणभर विराम. पुन्हा.

दामिनी श्वास रोखून ऐकत राहिली. आणि तेव्हाच दुसऱ्या बाजूच्या स्तनात, जिथं कुणी हात लावला नव्हता, जिथं कुणी काही मागितलं नव्हतं, तिथं एक ऊब दाटली, भरली, ओथंबली. आणि शालीतून बाहेर आलेल्या त्या इवल्याशा तळपायावर दूध होऊन टपकली. एक थेंब. मग एक थेंब. मग, संथ, शुभ्र, आपसूक, आणखी एक.