टेबलाचा कोपरा आणि बेबी

मी मॉनिटर बोलतोय. एरवी माझं काम दाखवायचं, बोलायचं नाही. पण या घरात दोन वर्षं माझी जी शोभा झाली, ती ऐकून तुम्हीच म्हणाल, बोल बाबा, मन मोकळं कर.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रुबाब काय विचारता! सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवायची माझी ताकद. खोक्यात सोबतीला एक जाडजूड काळी केबल होती, माझी पाठराखीणच म्हणा ना.

मला घरी आणलं दादांनी. दादा घरबसल्या इमारतींचे नकाशे काढून देतात. माणूस देवमाणूस, पण घराचा नियम एकच: नवी वस्तू चांगली असते, म्हणून ती वापरायची नाही. नव्या चादरी कपाटात, विरलेल्या पलंगावर. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर टॉवेल. माझ्या तोंडावरचा प्लास्टिकचा कागदही त्यांनी काढला नाही. आणि माझी केबल? "वा, काय झकास केबल आहे!" असं म्हणून ती कपाटात ठेवली आणि मला आधीच्या मॉनिटरची ढिली, झिजलेली केबल जोडली.

झालं! कॉम्प्युटर चित्रं पाठवतोय, निम्मी वाटेतच गळतायत आणि मी इकडे लुकलुकतोय. दादांनी जिना काढायला घेतला की अख्खा जिनाच गायब. बिचारे रडकुंडीला आले.

तेवढ्यात बेबी चहा घेऊन आली. बेबी म्हणजे दादांची धाकटी बहीण. वय पन्नास, लग्न केलं नाही, तरुणपणी पोहण्याच्या शर्यती मारलेली बाई. कप ठेवताना तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर भार टाकला. टेबल भिंतीला टेकलं, मागची केबल दाबली गेली आणि मी एकदम स्थिर.

"हलू नकोस!" दादा ओरडले.

त्या दिवसापासून बेबी हलली नाही. खोटं वाटेल, पण दादा कामाला बसले की बेबी कोपऱ्याला कंबर टेकून उभी. उभ्यानं जेवायची, उभ्यानं भाजी निवडायची, उभ्याउभ्या डुलकीही काढायची. वहिनींना तिची दया आली. त्यांनी कोपऱ्यावर कणकेचं पोतं ठेवून पाहिलं. मी लुकलुकलो. पोत्याला बेबीचा स्वेटर घातला. तरी लुकलुकलो.

"पोत्याला जबाबदारीची जाणीव नाही," दादा म्हणाले.

शेवटी दुरुस्तीवाला आला.

"याच्याबरोबर आलेली केबल कुठंय?"

"कपाटात."

"मग ती लावा की."

"अहो, नवी आहे ती!"

"म्हणूनच लावा म्हणतोय."

"नवी आहे म्हटलं ना!"

दुरुस्तीवाल्यानं हात जोडले. सेटिंगमध्ये जाऊन माझा वेग एकशे चव्वेचाळीसवरून थेट तीसवर आणला. "जरा कमी लुकलुकेल. बाकी..." त्यानं बेबीला नीट न्याहाळलं. "हा पार्ट मस्त बसलाय. बदलू नका."

तीस! शर्यतीच्या घोड्याला भाजीच्या गाडीला जुंपावं, तशी माझी गत. पडद्यावरचा बाण बेडकासारखा उड्या मारत चालायचा. दादा म्हणायचे, "आता कसं, शांत झालाय."

मग एका दुपारी बेबीला फोन आला. दुसऱ्या गावच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायची नोकरी, सोमवारी हजर व्हायचं. फोन ठेवताना तिचा चेहरा असा काही उजळला की मीसुद्धा बघत राहिलो.

"आणि मॉनिटर?" दादांनी विचारलं.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. बेबीलाही नाही! ती मान खाली घालून पुन्हा कोपऱ्याला जाऊन उभी राहिली. माझा जीव तीळतीळ तुटला.

"अहो, जाऊ द्या तिला," वहिनी म्हणाल्या. "माणूस बघू दुसरं."

आणि खरोखर माणसं बघायला सुरुवात झाली. शेजारचे काका वजनाला बरोबर होते, पण नकाशातल्या चुका काढायचे. समोरच्या मावशींना गुदगुल्या व्हायच्या. एक निवृत्त पहारेकरी उत्तम उभा राहिला, पण मी लुकलुकलो की तो ताठ होऊन सलाम ठोकायचा आणि त्यानं सलाम ठोकला की मी पुन्हा लुकलुकायचो. दोघंही दमलो.

रविवारी दादांनी सांगून टाकलं, "बेबी, नाही गं जमत. तू त्यांना नाही म्हणून कळव."

बेबीनं कोपरा सोडला. सरळ कपाट उघडलं आणि नवीकोरी प्रवासाची बॅग ओढून काढली.

"अगं, नवी आहे ती!" दादा किंचाळले.

"मीही नवीच राहिलेय, दादा. कपाटातल्यासारखी."

बॅगेत मऊ फडक्यात गुंडाळलेली माझी केबल निघाली. बेबीनं जुनी उपटली, नवी खटकन बसवली, सेटिंग उघडलं आणि तीसच्या जागी एकशे चव्वेचाळीस निवडलं. अहाहा! कोंडलेला श्वास सुटला हो माझा. बाण पडद्यावर नुसता तरंगत गेला.

दादांनी आ वासला. "तुला कसं ठाऊक?"

"दोन वर्षं याच्या बाजूला उभी आहे. याच्या पाठीवर सगळं लिहिलंय. दुसरं होतं काय वाचायला?"

"मग आधी बोलली का नाहीस?"

बेबीनं बॅगेची चेन ओढली. "तू रोज सकाळी हाक मारायचास. 'बेबी, ये गं, तुझ्याशिवाय मला काही दिसत नाही.' असं मला दुसरं कुणी कधी म्हटलं नाही रे."

दुसऱ्या दिवशी बॅग त्यांनीच उचलून रस्त्यापर्यंत नेली.

आता माझं उत्तम चाललंय. नकाशातले जिने जागच्या जागी असतात. तुम्हाला एवढंच सांगतो, तुमच्याही कपाटात कुणाची केबल पडली असेल, तर काढा बाबांनो. ठेवून ठेवून कुणाचं भलं झालंय?

काल तलावावरून बेबीचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, गळ्यात शिट्टी.

"धुरकट दिसतेस गं," दादा म्हणाले.

"मी नाही धुरकट. तुझं प्लास्टिक!"

दादांनी नखानं कोपरा धरला आणि माझ्या तोंडावरचा कागद टरकन ओढून काढला. बेबी हसत होती, अगदी लख्ख. दादा तिच्याकडे बघतच राहिले आणि त्यांचा हात हळूच टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन दाबून बसला.

"दादा, हात काढ," बेबी म्हणाली. "मी कुठे जात नाही."

दादांनी मान डोलावली. हात मात्र काढला नाही.