वीतभर लांबचा चेंडू

मित्रांनो, बेसबॉलच्या मैदानात धाव जिथून सुरू होते आणि जिथे येऊन पुरी होते, तिथे पांढऱ्या रबराची एक पाचकोनी फळी जमिनीत पुरलेली असते. तिला होम प्लेट म्हणतात. ती मी. नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजात माझी एकोणीस वर्षं गेली. आता मी पायपुसणं आहे, पण ते पुढे सांगते.

माझं काम सोपं होतं. चेंडू माझ्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि त्याने सोडला तर बॉल. बॅट फिरवून हुकला तर मात्र चेंडू कुठूनही गेला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, फुकट चालत जायचं. मधूनमधून पंच मैदानाकडे पाठ करून वाकायचे आणि छोट्या ब्रशने माझी धूळ झटकायचे. मान म्हणून माझ्या वाट्याला आला तो एवढाच. बाकी खेळाडूंनी थुंकलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.

आमचे कोच ऑरिन हॅस्केट विचित्र होते. मारायला शिकवण्यासाठी नेमलेला हा माणूस मुलांची बॅट खांद्यावरून उतरू द्यायचा नाही. रोज तीस चेंडू नुसते बघायचे आणि चेंडू माझ्यामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात पोचायच्या आत ओरडून सांगायचं, बॉल की स्ट्राइक.

"कोच, आम्ही मारायचं कधी?"

"दिसायला लागलं की."

वेंडेल क्रूसला दिसायचं. तीसपैकी एकोणतीस बरोबर. तिसावा माझी कड घासून गेला होता, त्याची मलाही खात्री नव्हती. सामन्यात प्रेक्षक ओरडायचे, "ए वेंडेल, बॅट भाड्याची आहे का? वापर की!" तो शांतपणे चार बॉल सोडून चालू लागायचा. मग चेंडू टाकणारा पिचर वैतागून पुढच्या फलंदाजाला अगदी मधोमध चेंडू द्यायचा आणि आमच्या धावा व्हायच्या. टाळ्या अर्थात पुढच्याला.

मग कॉलेजने हॅस्केटना निरोप दिला आणि डॅरेल पाइक आले. सोबत मारलेल्या चेंडूचा वेग मोजणारं यंत्र आलं. वेगाची यादी रोज भिंतीवर लागे. वेंडेल तळाशी.

"चालत बेस घेणं म्हणजे भीक," पाइक म्हणाले. "माझ्या संघात भिकारी नकोत."

दोन महिन्यांत वेंडेल सगळंच मारायला लागला. पिचरांना हे कळायला एक आठवडा पुरला. माझ्यापासून वीतभर लांब टाका, काम झालं.

मे महिन्यातला शेवटचा सामना. कॉलेजने आधीच जाहीर केलं होतं, हरलात तर संघ बंद. नववा म्हणजे शेवटचा डाव, बरोबरी, आमचे दोघं बाद, तिन्ही बेसवर आमचे गडी. वेंडेल तीन बॉल, दोन स्ट्राइकवर. आणखी एक बॉल झाला असता तर सगळे एकेक बेस पुढे सरकून तिसऱ्या बेसवरचा गडी चालत माझ्यापाशी, घरी आला असता आणि आम्ही जिंकलो असतो.

"क्रूस, भीक घेऊ नकोस!" पाइक गरजले.

जाळीमागे घडीच्या खुर्चीवर हॅस्केट बसले होते. चेंडू पिचरच्या हातून सुटला आणि ते हळूच म्हणाले, "बॉल."

मी ऐकलं. बॅट तरीही फिरली. चेंडू वीतभर लांबून गेला.

तिसरा गडी बाद, डाव संपला, आणि जादाच्या दहाव्या डावात आम्ही हरलो. पाइकना महिन्याभरात मोठ्या कॉलेजात बढती मिळाली. मैदानावर आता मोटारी उभ्या राहतात. मला पहारीने उपटलं, आणि हॅस्केटनी कॉलेजकडून मागून घेऊन आपल्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी टाकलं.

एका हिवाळ्यात वेंडेल आला. बूट चिखलाने भरलेले, तरी त्याने माझ्यावर पाय दिला नाही.

"कोच, तो बॉल होता."

"हो रे."

"मला दिसला होता."

"माहीत आहे. म्हणूनच झोप लागत नाही ना तुला? आत ये, कॉफी गार होतेय."

जाताना तो वाकला आणि बाहीने माझ्यावरचा बर्फ झटकला. पुन्हा कधी आला नाही. पुढच्या वर्षी हॅस्केट गेले. घराला कुलूप आहे.

मित्रांनो, मैदानं बुजवा, मला उपटा, पण ज्याला दिसतंय त्याच्या पाठीमागे ओरडू नका. आणि या बाजूला आलात तर माझी धूळ एकदा झटका. चेंडू आता येणार नाही. पण आलाच, तर मी दिसायला हवी.