लताबाईच्या तळपायातला पहारेकरी

मी एका फार जुन्या घराण्यातला पहारेकरी आहे. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या माशीच्या अंगातही माझे चुलतभाऊ आहेत, म्हणजे बघा! मला रिसेप्टर म्हणतात. लताबाईच्या तळपायात एक पांढरी पेशी राहते, तिच्या अंगावर मी चिकटलेलो. मित्रांनो, मला डोळे नाहीत. काही जंतूंच्या अंगावर तेलकट आवरण असतं, ते लागलं की मी ओळखतो आणि बोंब ठोकतो. बस्स, एवढंच येतं मला. स्वस्थ बसणं आमच्या घराण्यात नाही.

मे महिन्यात लताबाई रावेरजवळच्या आपल्या केळीच्या बागेत शेणखत टाकत होती. अनवाणी पायात बाभळीचा काटा रुतला. तिने तो सेफ्टी पिनेने काढला आणि पुन्हा कामाला लागली. पण जंतू आत राहिले ना! मी ओरडलो. माझ्या पेशीने रसायनांचे निरोप धाडले, तिथल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या, मदतीला आणखी पेशी धावल्या. पाय सुजला, ठणकला. असे कित्येक काटे आम्ही निस्तरले आहेत, पण शाबासकी कोण देतो?

या वेळी जंतू रक्तात निसटले. माझे भाऊबंद अंगभर पसरलेले, सगळ्यांनी एकदम बोंब ठोकली. मग सगळीकडच्याच रक्तवाहिन्या सैल पडल्या, पाझरू लागल्या. लताबाईला हुडहुडी भरली, धाप लागली.

"ऊन लागलं तिले," सासू भिकुबाई म्हणाली. आमच्याकडे मे महिन्यात कुणालाही ताप आला की तो उन्हाचाच! कैरीचं पन्हं पाजून झालं. दुसऱ्या दिवशी हातपाय गार पडले, तसा नवरा कौतिक खूश झाला.

"ताप उतरला व माय!"

कसला उतरला, डोंबल! उतरला होता रक्तदाब. ती बरळत होती, सकाळपासून लघवीलाही गेली नव्हती. माझा जीव नुसता टांगणीला लागला. आतून कितीही ओरडलो तरी बाहेर ऐकू जातं थोडंच?

भिकुबाई कांदा ठेचून तळपायाला चोळायला बसली, उन्हावर आमचा हाच उतारा. लताबाई कळवळली. भिकुबाईने पाय वर धरून पाहिला. टम्म सुजलेला, काळानिळा, लाल रेघ पोटरीवर चढलेली.

"कौतिक, हे ऊन नाही रे! गाडी काढ!"

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर नूतन यांनी सेप्सिस सांगितला, म्हणजे जंतूंशी लढता लढता अंगानेच अंगाला पोखरणं. सलाईन, अँटिबायोटिक, रक्तदाब सावरणारं औषध सुरू झालं. जंतू मरू लागले. आणि मी? मी ओरडतच होतो! मेलेल्या जंतूंचे तुकडेही मला शत्रूच वाटतात. त्यात लताबाईच्या स्वतःच्या मोडलेल्या पेशींचा चुरा आला. त्यावरही मी बोंब ठोकली.

"जंतू मेले म्हणता, मग ही उठत काहून नाही?" कौतिकने विचारलं.

"तिचं अंग अजून लढतंय, भाऊ. ही लढाई नेमकी थांबवणारं औषध आमच्याकडे नाही. तोवर तिला तगवायचं," डॉक्टर म्हणाल्या.

मला संताप आला. पहारेकऱ्यालाच चोर ठरवता? पण मूत्रपिंडं मंदावली होती ती आमच्याच गोंधळाने, हे खोटं कसं म्हणू? थांबावंसं वाटलं तरी मला थांबता येत नाही हो.

हळूहळू चुरा साफ झाला, निरोप ओसरले. एका सकाळी लताबाईने डोळे उघडले. "केळीची गाडी भरली का?" तिने खरखरत्या आवाजात विचारलं. भिकुबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

मित्रांनो, जखम झाल्यावर ताप आला, धाप लागली, माणूस बरळू लागला, हातपाय गार पडले, तर ऊन म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा. लताबाईची आणखी एक दुपार घरात गेली असती, तर तिला वाचवता वाचवता मीच मारलं असतं. आणि तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत मला वाटत राहिलं असतं की मी पहारा देतोय.