वहीत नसलेल्या बायका

राजारामपुरीतल्या त्या इमारतीच्या जिन्यावर रविवारी सकाळी चपलांचा खच पडला होता. खाली दातांचा दवाखाना, वर ‘मानवेतिहास गणित केंद्र’. दाढ काढायला आलेला एक पेशंट गर्दीबरोबर चुकून वर गेला आणि दाढ विसरून पणजोबांची चौकशी करत बसला, असं आमच्या गल्लीत सांगतात. मला त्यात काही खोटं वाटत नाही.

हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं. पडद्यावर एकेका घराण्याची वंशावळ उमटत होती आणि आपल्या खापरपणजोबाचं नाव दिसलं की त्या घरची माणसं डोळे पुसत हात जोडत होती. समोर राजवीर सर, अंगात सूट. अंगारा नाही, लिंबू नाही, फक्त लॅपटॉप.

“इतिहास म्हणजे डेटा! डेटा म्हणजे दैव!” ते गरजले. “माणूस मरतो, त्याच्या मनाचा फॉर्म्युला मरत नाही. तुमच्या पणजोबांचं गणित तुमच्या रक्तात अजून सुटतंय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी चाळीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, एकदाही टाळी ऐकली नाही.

मला तिथं ओढून नेलं होतं पूर्णिमानं. ती कोडोलीची, माझी जुनी विद्यार्थिनी. एसटीत कंडक्टर म्हणून तिची निवड झाली होती, चंदगड आगारात. हजर व्हायची शेवटची तारीख सोमवार, म्हणजे दुसराच दिवस. आणि तिला पाठवावं की नाही हे राजवीर सरांना विचारायला तिचे वडील आकाराम नेमणुकीचं पत्र खिशात घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी त्यांची आई, बाळाबाई.

आकारामांच्या घराची पाळी आली. पडदा उजळला.

‘१९३७, कृष्णाबाई विहिरीत पडली. १९३८, थोरला मुलगा वारला. १९६६, तानूबाई घर सोडून गेली. १९६७, भाऊ गुंडू वारला. १९९५, लेक पळून गेली. १९९६, कर्ता पुरुष वारला.’

“एकोणतीस वर्षं!” राजवीर सरांनी आवाज खाली आणला. “या घरातल्या बाईनं उंबरा ओलांडला की वर्षाच्या आत पुरुष जातो. पुढचा आकडा २०२४. म्हणजे यंदा. आकाराम, घरात पुरुष किती?”

“मी आन् पोरगा, ऋतुराज.” आकारामांचा हात खिशावर घट्ट बसला. भीती खरीच होती हो त्या माणसाची.

तेवढ्यात बाळाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “गुंडूभावजी मेलं? सदुसष्टात? मग करोनापतूर माझ्या हातची भाकरी कोण खात हुतं? त्येंचं भूत?”

हॉल हसला. मी मात्र उठून उभा राहिलो. दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखं आलं तर मी काही म्हणत नसे. चूक सारखी आली की कॉपी पकडायचो. जिवंत माणूस मेल्याची ही चूकही कुठून तरी उतरवलेलीच असणार.

“आज्जी, ते मेले असं कुणी कुणाला सांगितलं होतं?”

“मामंजींनी. हेळव्याला. भावजी न सांगता मिल्ट्रीत गेलतं. मामंजी चिडलं आन् म्हटलं, मेला म्हणून लिव्ह.”

हेळवी म्हणजे सुगीत बैलावर बसून येणारा, वहीतून घराण्याची वंशावळ वाचणारा माणूस. तो दर काही वर्षांनी तीच नावं दारात वाचतो, तेव्हा आपण सूपभर धान्य घालून कामाला लागतो. तीच नावं प्रोजेक्टरवर आली की चमत्कार!

बाळाबाई आता राजवीर सरांकडे निरखून बघत होत्या. “आगं बया, ह्योच की त्यो! हेळव्याच्या मागनं वहीचं फोटू काढत फिरत हुता. संशोदन हाय म्हणाला.”

“आज्जी, त्या वहीत सन लिहिलेले असतात?”

“सन कसला? दुष्काळाच्या दुसऱ्या साली, असलं असतंय.”

म्हणजे सन राजवीर सरांनी घातले, आणि एकोणतीसचं गणित बसेल असे ताणून घातले. मी शेवटचा प्रश्न विचारला.

“पडद्यावर तुमचं नाव आहे?”

“न्हाय.”

“उंबरा ओलांडता?”

“रोज पाटंचं डेअरीला दूध घालाय जातो. साठ वर्सं झाली. कोण मेलं न्हाय.”

“ऐकलंत?” मी लोकांकडे वळलो. “या वहीत बाईचं नाव चढतं ते घरात काही विपरीत झालं तरच. रोज बाहेर जाऊन सुखरूप परतणाऱ्या बायका वहीत नाहीतच. मग वही बाईला अपशकुनी ठरवणारच! आकड्यांनी इतिहास अभ्यासता येतो, माणसं तो मेहनतीनं अभ्यासतात. पण नोंद कुणी ठेवली आणि कशासाठी, हे ती आधी विचारतात.”

“दोन टक्के अपवाद मॉडेलला मान्य आहेत,” राजवीर सर म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, “तरीबी रिस्क कशाला घ्यायची, पावणं?” निम्मा हॉल बसूनच राहिला. मला त्या निम्म्या हॉलचा राग आला, आजही येतो.

जिन्यात आकारामांनी माझा हात धरला. “सर, पटलं मला. समदं पटलं. पर पोरगा एकलाच हाय. एवढं साल जाऊ दे.”

“तू तरी जा,” मी पूर्णिमाला म्हटलं.

“सर, उद्या ऋतुराजला नुसता ताप आला तरी जलमभर माझंच नाव घेतील,” ती म्हणाली. सोमवार उलटला. नोकरी गेली.

वर्ष सरलं. कुणी मेलं नाही. राजवीर सर आता हे घर पडद्यावर दाखवतात: बघा, लेकीला थांबवलं म्हणून लेक वाचला!

पुढच्या सुगीत हेळवी आला त्या दिवशी मी कोडोलीत होतो. वही उघडून त्यानं विचारलं, “नवीन काय?”

“काय न्हाय,” आकाराम म्हणाले. “पोरगा शिकतोय. लेक घरातच हाय.”

हेळवी वही मिटू लागला. बाळाबाईंनी जोंधळ्याचं सूप मागं ओढलं.

“थांब. आधी लिव्ह. पूर्णिमा, आकारामची लेक. एष्टीत नोकरी लागल्याली. बापानं जाऊ दिलं न्हाय.”

आकारामांनी मान खाली घातली. हेळव्यानं लिहिलं. पूर्णिमा दारात उभी राहून बघत होती.

अशा रीतीनं त्या वहीत आणखी एका बाईचं नाव चढलं, आणि तेही घात झाल्यावरच. उद्या कुणीतरी याही पानाचा फोटो काढून पडद्यावर गणित मांडेल. तेव्हा हात जोडण्याआधी विचारा, हे कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं आणि यात कोण नाही. आणि उत्तर पटलं तर त्याच दिवशी खिशातलं पत्र काढून पोरीच्या हातात द्या.